जकातीची वाट, मुरमाची वाट: अंजनेरीच्या पायथ्याचा इतिहास

🧵 १/ इ. स. ७१०–११. एक राजा तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतो की, आपण पुन्हा वसवलेल्या नगरातील व्यापाऱ्यांकडून चंद्रसूर्य असेपर्यंत राज्यात कोठेही जकात घेऊ नये. हे पत्रे सापडले नाशिकजवळच्या अंजनेरीत. आज त्याच डोंगराच्या पायथ्याच्या मुरमाड वाटांवर रुंद टायरच्या सायकली धावताना दिसतात. या दोन गोष्टींना जोडणारी वस्तू एकच: वाट.

२/ प्रथम सायकलीविषयी. ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणजे शर्यतीच्या सायकलीसारखे वळलेले हँडल, पण साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंदीचे टायर. डांबरावर ती वेगाने जाते आणि खडी, मुरूम, शेतरस्ता यांवर अडत नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावी २००६ साली सुरू झालेल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीने हा प्रकार प्रसिद्धीस आणला. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीत घेतली.

३/ नाशिकला सायकलीचे वेड नवे नाही. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर बंधूंनी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. पण त्या शर्यतीचा रस्ता डांबरी. येथे प्रश्न आहे तो डांबर संपल्यानंतर सुरू होणाऱ्या वाटांचा.

४/ प्रवासाचा आरंभ नाशिक रोडपासून करणे सोयीचे, कारण या उपनगराच्या नावातच रस्त्याचा इतिहास आहे. थळघाटातील रेल्वेमार्ग १८६५ साली वाहतुकीस खुला झाला. लोहमार्ग मूळ शहरापासून दूरून गेला, म्हणून स्थानक शहराबाहेर आठ-नऊ किलोमीटरवर आले. गावापासून लांब असलेल्या स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ जोडण्याची रेल्वेची रीत होती. अर्थ सरळ होता: येथे उतरा, गाव पुढे रस्त्याने गाठा.

५/ ते आठ-नऊ किलोमीटर कापण्यासाठी १८८९ साली घोड्यांनी ओढली जाणारी ट्राम आली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस ती बंद पडली. आज तिचा रूळही दिसत नाही. प्रवासाची एक पूर्ण व्यवस्था चाळीस-पंचेचाळीस वर्षांत उभी राहून नाहीशी होऊ शकते, हे नाशिक रोडने पाहिले आहे. पुढे जे येते ते वाचताना हे स्मरणात असावे.

६/ नाशिक रोडपासून शहर ओलांडून त्र्यंबक रस्त्याने तीसेक किलोमीटर गेले की डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर येतो. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर. लोकश्रद्धेनुसार हे अंजनीपुत्र हनुमानाचे जन्मस्थान. माथ्यावर अंजनीमातेचे मंदिर आहे, चढणीवर जैन लेणे आहे, आणि पायथ्याच्या गावात पडक्या, अर्धवट उभ्या अशा प्राचीन जैन व हिंदू मंदिरांचा मोठा समूह आहे.

७/ एवढ्याशा गावाला एवढी मंदिरे कशासाठी? मंदिर बांधायला दगड डोंगराने दिला असेल. पण पाथरवटाची मजुरी, पुजाऱ्याचे पोट आणि दिव्याचे तेल डोंगर देत नाही. त्यासाठी पैसा फिरावा लागतो आणि पैसा वाटेने येतो. म्हणून अंजनेरीचा इतिहास हा मुळात वाटांचा इतिहास आहे.

८/ या प्रदेशातील वाटांचा सर्वांत बोलका पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत, म्हणजे प्राचीन त्रिरश्मी पर्वतावर आहे. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने लेणे क्रमांक १० मधील शिलालेखात आपली दाने नोंदवली आहेत. भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसौर), गोवर्धन (नाशिकचा परिसर) आणि शूर्पारक (नालासोपारा) येथे त्याने निवारे बांधले, विहिरी खोदल्या.

९/ त्याच लेखात इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर प्रवाशांसाठी मोफत नावांची सोय केल्याचा उल्लेख आहे. निवारा, पाणी, नदी ओलांडण्याची सोय: लांबचा प्रवास शक्य होण्यासाठी लागणाऱ्या या तीन गोष्टी. सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा दाता त्या नेमक्या ओळखून होता. किनाऱ्यावरची बंदरे आणि घाटमाथ्यावरचा गोदावरीकाठ यांना जोडणारे जाळे त्या यादीतून डोळ्यांपुढे उभे राहते.

१०/ आता ताम्रपट. ते देणारा राजा भोगशक्ती, दुसरे नाव पृथ्वीचंद्र, हा हरिश्चंद्र वंशातला. त्याचा आजा स्वामीचंद्र बदामीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या विशेष मर्जीतला. विक्रमादित्य त्याला पुत्राप्रमाणे मानी, असे ताम्रपट सांगतो. या घराण्याकडे ‘चौदा हजार गावांच्या’ पुरी-कोकणाचा कारभार होता. काळ कलचुरी संवत ४६१. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरी-चेदी शिलालेखांच्या आपल्या संग्रहात हे ताम्रपट संपादित केले आहेत.

११/ एका ताम्रपटात जयपूर येथील ‘भोगेश्वर’ नावाच्या नारायणमंदिराला दिलेल्या गावांची नोंद आहे, आणि त्याची व्यवस्था पाहण्यात नगरातील व्यापाऱ्यांना वाटा आहे. दुसरा अधिक चित्तवेधक आहे. उद्ध्वस्त झालेले समगिरिपट्टण आणि त्यालगतच्या वस्त्या भोगशक्तीने पुन्हा वसवल्या आणि तेथील श्रेष्ठींना सवलतींची सनद दिली. हे नगर म्हणजेच आजचे अंजनेरी, असे म्हणणे घाईचे ठरेल. पण ते याच व्यापारी टापूतले.

१२/ सनदेतील सवलती अशा: राज्यात कोठेही जकात नाही; निपुत्रिक व्यापारी वारल्यास त्याचे धन राजाकडे जमा होणार नाही; राजाच्या अधिकाऱ्यांना राहण्याजेवण्याचा खर्च व्यापाऱ्यांनी सोसण्याची सक्ती नाही. उजाड नगरात माणसे परत आणायची तर आधी त्यांची भीती घालवावी लागते. व्यापाऱ्याला तीन गोष्टींची भीती होती: नाक्याची, वारशाची आणि सरकारी पाहुण्याची. राजाने तिन्ही दूर केल्या.

१३/ गुन्ह्यांचे दंडही ठरवून दिले. कुमारिकेवर अत्याचार करणाऱ्यास १०८ रूपकांचा दंड, मारहाणीसारख्या अपराधांना त्याहून पुष्कळ कमी. निवाडा करायचा तो नगरातील आठ किंवा सोळा ज्येष्ठांनी. म्हणजे करमाफीबरोबर स्थानिक न्यायाचा अधिकारही आला. आठव्या शतकातील पश्चिम महाराष्ट्रातील नगरजीवन इतक्या जवळून दाखवणारी साधने फार थोडी आहेत.

१४/ दंडाचे नाणे कोणते? ताम्रपटात ‘कृष्णराज रूपक’ असा शब्द येतो. कलचुरी राजा कृष्णराज सहाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणातला. त्याची चांदीची नाणी लहान, वजनाने दोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूस राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस बसलेला नंदी. राजा जाऊन सुमारे दीडशे वर्षे लोटली, वंशाची सत्ता संपली, तरी हिशेब त्याच्याच नावाच्या नाण्यात होत होता. राज्यापेक्षा बाजाराची स्मरणशक्ती दीर्घ असते.

१५/ योगायोग असा की, १९८० साली स्थापन झालेली भारतीय मुद्रा संशोधन संस्था आणि तिचे नाणेसंग्रहालय आज याच अंजनेरीच्या परिसरात आहे. नाणेशास्त्रज्ञ परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. ज्या डोंगराच्या पायथ्याशी रूपकांचा उल्लेख असलेले ताम्रपट मिळाले, तेथेच देशातील नाण्यांचा अभ्यास चालतो.

१६/ ताम्रपटांनंतर सव्वाचारशे वर्षांनी अंजनेरी पुन्हा बोलते. शके १०६३, म्हणजे इ. स. ११४१–४२ च्या शिलालेखात यादव कुळातील सेउणदेव येथील चंद्रप्रभ तीर्थंकराच्या मंदिराला तीन दुकाने दान देतो. वत्सराज नावाच्या व्यापाऱ्याने आणखी दोघांसह एक दुकान आणि घर दिल्याचीही नोंद आहे. दान शेतजमिनीचे नाही, दुकानांचे आहे. दुकानाचे भाडे नियमित येणार हा विश्वास असल्याखेरीज कोणी असे दान देत नाही. बाराव्या शतकात या डोंगराखाली भरभराटीची पेठ होती, हे त्या एका शब्दातून कळते.

१७/ मग पेठ गेली कोठे? यादवांचा आरंभीचा पसारा सिन्नर–चांदवड भागातला. बाराव्या शतकाच्या अखेरीस भिल्लम पाचवा याने देवगिरीला राजधानी उभी केली आणि सत्तेचे केंद्र पूर्वेकडे सरकले. पुढच्या शतकांत या बाजूचे लष्करी महत्त्व त्र्यंबकच्या किल्ल्याकडे गेले आणि यात्रेकरूंचा ओघ त्र्यंबकेश्वराकडे. नानासाहेब पेशव्यांनी तेथील मंदिराचे बांधकाम १७५५ साली सुरू केले. अंजनेरी दोन मोठ्या नावांच्या मधला थांबा होऊन राहिली. मंदिरे उरली, दुकाने गेली.

१८/ वाटा मात्र मेल्या नाहीत. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी हजारो लोक ब्रह्मगिरीची फेरी पायी घालतात. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या समाधीच्या दर्शनासाठी दिंड्या त्र्यंबकला येतात. डोंगरवाडीतील ठाकर आणि महादेव कोळी कुटुंबे बाजाराला, शाळेला, दवाखान्याला याच वाटांनी जातात. राजमार्गाचा दर्जा गेला तरी पावलांनी वाट मोकळी ठेवली.

१९/ या वाटा सायकलीला का मानवतात? सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून बनला. भूशास्त्रातील ‘ट्रॅप’ हा शब्दच पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराची सपाटी होते. तिलाच गडकोटांच्या भाषेत माची म्हणतात. जुन्या वाटा कड्याला भिडत नाहीत. सपाटी धरून डोंगराला वळसा घालतात आणि खिंड आली की नागमोडी चढतात.

२०/ याचे कारण लादलेला बैल. पाठीवर गोणी असलेले जनावर फार तीव्र चढ चढत नाही, दर मजलेला पाणी मागते आणि निसरड्या दगडावर पाय ठेवत नाही. म्हणून बैलांच्या तांड्यांनी मळलेली वाट बेताच्या चढाची, पाण्याजवळून जाणारी असते. सायकलस्वाराच्या गरजा अगदी याच. शतकांपूर्वी जनावराच्या दमाने ठरवलेला चढ आज माणसाच्या गुडघ्यांना सोसतो.

२१/ मातीचाही वाटा आहे. मुरूम म्हणजे झिजलेला काळा पाषाण. त्यातून पाणी झिरपते, त्यामुळे पाऊस थांबला की मुरमाची वाट लवकर सुकते. त्याखालच्या खोऱ्यातील काळी माती मात्र चाकाला अशी चिकटते की चाक फिरेनासे होते. बैलगाडीचे वाहक आषाढ-श्रावणात प्रवास टाळत ते याचमुळे. दिवाळीनंतरचा काळ हा व्यापाराचा, आणि आज तोच सायकलीचा.

२२/ जागतिक इतिहासातील एक विरोधाभास येथे नोंदवण्याजोगा. १८८५ ची रोव्हर ‘सेफ्टी’ सायकल आणि १८८८ चा डनलॉपचा हवेचा टायर यांच्या काळात जवळपास सगळेच रस्ते कच्चे होते. सगळ्या सायकली ‘ग्रॅव्हल’च्याच! अमेरिकेत पक्क्या रस्त्यांची संघटित मागणी प्रथम सायकलस्वारांनी केली. रस्ते झाले, त्यांवर मोटारी आल्या आणि शतकभराने सायकलस्वार शांततेसाठी पुन्हा कच्च्या वाटेला लागले.

२३/ भारतीयांचाही या कच्च्या रस्त्यांच्या युगात वाटा आहे. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवरून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांनी १९२८ मध्ये ती पूर्ण केली. वाटेत वाळवंटे होती, जंगले होती, आणि गिअर बदलण्याची आजची सोय नव्हती. ‘साहसी सायकलिंग’ हा आयात केलेला छंद आहे, असे समजणाऱ्यांनी ही नावे लक्षात ठेवावीत.

२४/ आता वर्तमान. अंजनेरीच्या पठारावर ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही कंदीलपुष्पाची जाती सापडली आणि २००६ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. तिच्या नावातच हा डोंगर आहे. कड्यांवर गिधाडे घरटी करतात. २०१७ मध्ये डोंगराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. पुढे मुळेगावाकडून अंजनेरीवर गाडीरस्ता नेण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा निसर्गप्रेमींनी त्यास तीव्र विरोध केला.

२५/ हा वाद केवळ ‘विकास की निसर्ग’ असा नाही. वाडीतील गरोदर स्त्रीला दवाखान्यात न्यायचे असेल तर मुरमाची शांत वाट हे सौंदर्य नसून संकट असते. शहरातून आलेल्या सायकलस्वाराला जी वाट कच्ची राहावी असे वाटते, ती गावकऱ्याला पक्की हवी असते, आणि त्याचे म्हणणे न्याय्य आहे. मात्र वाडीपर्यंतचा रस्ता आणि पठारावरच्या मंदिरापर्यंतचा मोटाररस्ता या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिली रहिवाशाची, दुसरी पाहुण्याची.

२६/ भोगशक्तीची सनद येथे पुन्हा आठवते. तिनेही प्रवासाचा भार काही जणांवरून उतरवला. नावे घेतली ती श्रेष्ठींची. गोणी वाहणारे, बैल हाकणारे, वाट मळणारे यांची नावे पत्र्यावर आली नाहीत. रस्ता कोणासाठी आणि कोणाच्या सोयीने, हा प्रश्न तेराशे वर्षे जुना आहे. इतिहास वाचणाऱ्याने तरी तो विचारताना दोन्ही बाजूंची माणसे मोजावीत.

२७/ सायकलही निरुपद्रवी नाही. पावसाळ्यात ओल्या पठारावर उमटलेली चाकाची रेघ पुढच्या सरीत पाण्याचा ओहोळ बनते आणि मातीचा पातळ थर वाहून नेते. कंदीलपुष्पाचे कंद त्याच थरात असतात. म्हणून माथ्यावर पायी जावे आणि चाके पायथ्याच्या मळलेल्या गाडीवाटांवरच ठेवावीत. मंदिरांच्या बाबतीत कायदाच स्पष्ट आहे: केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. त्या पडक्या भिंतींना सायकल टेकवून छायाचित्र काढण्याचा मोह आवरणे, एवढे तर कायद्याविनाही जमावे.

२८/ जुनी वाट ओळखण्याच्या काही खुणा तरुण अभ्यासकांसाठी: दर काही अंतरावर विहीर, बारव किंवा टाके, खिंडीच्या तोंडाशी शेंदूर लावलेला देव, एकाच जातीच्या मोठ्या झाडांची ओळ, शेजारी वीरगळ वा सतीशिळा, आणि खडकात चाकांनी किंवा खुरांनी झिजून पडलेली चाकोरी. एक खूण योगायोग असू शकते. तीन एकत्र दिसल्या तर थांबावे, नोंद करावी, गावातील वृद्धांना वाटेचे नाव विचारावे.

२९/ मोटारीच्या वेगाने या खुणा दिसत नाहीत आणि पायी एका दिवसात तीस किलोमीटरचा पट डोळ्यांत मावत नाही. सायकल या दोहोंच्या मधली. पांडवलेण्यांतील उषवदाताचे निवारे, ताम्रपटातील जकातमाफी, शिलालेखातील दुकाने आणि ब्रह्मगिरीची फेरी ही वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणे आहेत. चाकाखाली ती एकाच दिवसाची वाट होतात.

३०/ नाशिक रोडच्या ट्रामचा रूळ नऊ दशकांत पुसला गेला, कारण तो गेल्यावर कोणी त्याला हुडकले नाही. अंजनेरीच्या गाडीवाटांचे नकाशे, नावे आणि आठवणी आज गावांत जिवंत आहेत. डांबर येईल तेथे यावे. पण त्याखाली काय होते याची नोंद आधी व्हावी. दिवाळीनंतर मुरूम सुकला की ते काम सुरू करायला उत्तम हंगाम असतो. 🚲